शेळीच्या नावावर घेतलेले कपडे

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चौथीपर्यंतचं आहे. त्याच्या पुढच्या वर्गांत जे ऱ्हस्व-दीर्घ शिकवत असतील ते माझ्यापर्यंत आलेच नाहीत. अक्षरही चांगलं नाही. ओळीवर सुरू होतं आणि पानाच्या शेवटापर्यंत खालच्या ओळीवर उतरतं. गुरुजी म्हणायचे, तुझं अक्षर उताराला लागलंय, धर त्याला. मला ते धरता आलं नाही. वही नातीची आहे. पुढच्या पानांवर तिनं हत्ती काढलेत, मागची पानं कोरी होती, ती मी घेतली. चारजणींत माझं तोंड उघडत नाही, पण या वहीपुढे उघडतं, हे मला अलीकडेच कळलं.

लिहायचं आहे ते समुद्राच्या कपड्यांबद्दल.

मागच्या उन्हाळ्यात लेकीचा पुण्याहून फोन आला. ती तिथं नोकरी करते, जावईही करतात. म्हणाली, "आई, मे महिन्यात आपण कोकणात चाललोय. चार दिवस. तू आणि बाबा यायचंच. यांनी खोल्या पण घेतल्यात."

आमचं गाव घनसावंगीहून जीपनं वीस मिनिटांवर. आमच्या सहली आजवर जांब समर्थला झाल्या. जायचं, दर्शन घ्यायचं, डबा खायचा, दिवस मावळायच्या आत परत. तिथं काय घालून जायचं हा प्रश्न कधी पडला नाही. चांगल्यातली साडी नेसायची, झालं.

मी लेकीला म्हटलं, "येते. चांगल्यातली निळी साडी हाय, ती आणते."

"साडी बिलकुल आणायची नाही," ती म्हणाली. "वाळूत घोळते, पाण्यात पायात गुंतते. मागच्या वेळी एक बाई आमच्यासमोर पडली. सैल, सुती ड्रेस घे दोन-तीन. उन्हाळ्यातले, हलके. नाहीतर थांब, मीच घेऊन ठेवते. यांना सांगते, ते ऑनलाइन मागवतील."

इथं माझा जीव अडकला. आमच्यात लेकीच्या घरचं घेत नाहीत. माझी आई माझ्याकडे आली की पाणीसुद्धा अवघडून प्यायची. आता दिवस तसे राहिले नाहीत, मी लेकीकडे जेवते, राहते. पण खोल्या जावयाच्या, गाडी जावयाची, जेवण जावयाचं, आणि वर अंगावरचा कपडाही जावयाचा? ते मागवणार, डबा उघडून बघणार, हे सासूबाईंना होईल का म्हणून विचारणार. मला फोनवरच घाम फुटला.

"माझे मी घेते," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी इतक्या जल्दी बोलले होते.

बोलून गेले, पण पैसे कुठून आणायचे? आमचे हे गावच्या पाणीपुरवठ्यावर आहेत. एक दिवसाआड व्हॉल्व्ह फिरवून एकेका आळीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. पगार पंचायतीला आठवेल तेव्हा होतो. त्यांना विचारलं तर म्हणाले, "साडीत काय वाईट हाय? समुद्र काय बघून राह्यला का तू काय नेसलीस?" मग म्हणाले, "चार दिवस व्हॉल्व्ह कोण फिरवणार, आधी ते सांग."

राहिला बचत गट. आमच्या गटात बारा बायका. दर पंधरा दिवसांनी अध्यक्षबाईंच्या ओसरीत बसायचं, हप्ता द्यायचा, कुणाला गरज असेल तिनं उठून मागायचं आणि कारण सांगायचं. अध्यक्षबाई कडक. त्यांनी स्वतःच्या सख्ख्या बहिणीला एकदा उभं करून विचारलं होतं, "शिलाई मशीनसाठी घेतलेल्या पैशात फ्रीज कसा आला गं?" बहिणीनं तो फ्रीज विकला.

त्या दिवशी माझ्या आधी एकीनं पोराच्या फीसाठी मागितले, एकीनं बियाण्यासाठी. मग मी उठले. चार हजार, म्हटलं. सगळ्यांनी मान वळवून पाहिलं, कारण मी आठ वर्षांत एकदाही उठले नव्हते.

"कारण?" वहीत लिहिणाऱ्या सूनबाईनं विचारलं. ती अध्यक्षबाईंची सून, शिकलेली, गटाची सचिव.

बारा बायकांपुढे कसं सांगू, की समुद्रावर घालायला कपडे घ्यायचेत? माझ्या वयाच्या बाईनं? ओसरीच्या कडेला अध्यक्षबाईंची शेळी बांधलेली होती आणि ती आमच्या सतरंजीचं टोक चघळत होती. माझी नजर तिच्यावर पडली.

"शेळी," मी म्हटलं.

"हां, बराबर," अध्यक्षबाई खूश झाल्या. "बगा, आठ वर्षांनी उठली पन कामाचं बोलली."

सूनबाईनं लिहून घेतलं. मी सही केली आणि पैसे पदरात बांधून घरी आले.

माझ्या धाकट्या जावेला मात्र सांगावंच लागलं, कारण जालन्याला एकटी जायची माझी छाती नव्हती. जाऊ माझ्या उलट. ती बोलायला लागली की एसटीचा कंडक्टर तिकिटं फाडायची थांबतो. सगळं ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "अक्का, तुम्ही? शेळी?" मग डोळे पुसून म्हणाली, "चला. आपन लय भारी शेळी घेऊ."

जालन्यात बाजारगल्लीतल्या एका मोठ्या दुकानात गेलो. खाली गादीवर साड्या, वर रेडीमेड. पायातल्या चपला काढून वर चढले. काउंटरवरची बाई गोड बोलणारी होती. "या मावशी, काय दाखवू? लेकीला घ्यायचंय का सुनेला?"

माझ्यासाठी, असं म्हणायला तोंड उघडलं. "बहिणीला," असं बाहेर पडलं. "मोठी बहीण हाय. माझ्याच मापाची."

जावेनं दुसरीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

"रंग कोणता आवडतो त्यांना?"

आता हे मला खरंच कळेना. घरी कपाट भरून साड्या आहेत, पण त्यातली एकही मी घेतलेली नाही. लग्नात आलेल्या, भाऊबीजेच्या, भाच्यांच्या लग्नातल्या, वास्तुशांतीच्या. ज्यानं दिली त्यानं रंग ठरवला. एक मोरपंखी साडी तर मी नणंदेच्या लेकीच्या लग्नात दिली होती, ती चार घरं फिरून सहा वर्षांनी माझ्याच ओटीत परत आली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पन्नास वर्षं मी आलेलं नेसले. मला काय आवडतं ते मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी तरी स्वतःला कुठं विचारलं होतं?

"तिनं कधी सांगितलं न्हाई," मी म्हटलं.

"मंग अंदाजे सांगा ना, तुम्ही बहीण आहात."

समोर पन्नास ड्रेस टांगलेले. मी एकेकाला हात लावत गेले. एक पिवळा होता, भेंडीच्या फुलाच्या रंगाचा, मधे एवढासा जांभळा ठिपका. त्याच्यापाशी माझा हात थांबला आणि मागे येईना. "हा आवडेल तिला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"घालून बघा मंग. माप तुमचंच आहे ना."

कोपऱ्यात पडदा लावलेली एक खोली होती, खोली कसली, उभं कपाट. आत तिन्ही बाजूंनी आरसे. मी आत गेले आणि विचारात पडले. साडी काढायची? इथं? पडद्याच्या पलीकडे तीन माणसं उभी, पडदा खाली वीतभर आखूड. मला शेतातलं आठवलं. खुरपायला जाताना आम्ही साडीवरून नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवतो. उन्हानं हात भाजत नाहीत. तीच सवय. मी पदर खोचला आणि ड्रेस साडीवरून चढवला. तो कमरेपाशीच अडकला. निऱ्या, परकर, खोचलेला पदर, वर जाऊ देईना, खाली येऊ देईना. दोन्ही हात वर, डोकं आत.

बाहेरून जावेचा आवाज, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा, "अक्का! शिरलात का?"

"मोठा द्या," मी आतून म्हटलं.

त्यांनी मोठा दिला. तोही अडकला. त्याहून मोठा दिला. तो थोडा ओढून बसला. त्याच्याहून मोठा मागितला तेव्हा ती बाई बाहेर म्हणाली, "मावशी, याच्यापुढं तीन एक्सच आहे." तो आला आणि साडीवरून कसा सरकन उतरला! आरशात बघितलं. छान दिसत होता. दंडाला सैल, पोटाला सैल, सगळं मनासारखं. मी म्हटलं, बराबर. हेच माप.

त्याच मापाचे तीन घेतले. पिवळा, एक आभाळी, आणि एक जावेनं निवडलेला लाल. त्यांच्याबरोबरच्या पायजम्यांना रबर होतं. ते मी घालून पाहिलेच नाहीत, रबर ताणतं म्हटल्यावर कुणालाही होतं. थोडे पैसे उरले म्हणून यांच्यासाठी एक शर्ट घेतला, पांढऱ्यावर हिरव्या पानांचा, अर्ध्या बाह्यांचा. घरी आल्यावर हे म्हणाले, "मी काय बँड वाजवतो का लग्नात?" आणि तो खुंटीला अडकवून टाकला.

ड्रेस मी ज्वारीच्या कोठीत, पिशवीसकट ज्वारीत पुरून ठेवले.

चौथ्या दिवशी दुपारी दारात बायका. अध्यक्षबाई पुढे, हातात हळदीकुंकवाचं ताट. मी विसरलेच होते. गटाची रीत आहे, कर्जातून वस्तू आली की सगळ्यांनी जाऊन तिला हळदकुंकू लावायचं. मशीन असो, पिठाची गिरणी असो, म्हैस असो. त्यात पूजाही होते आणि अध्यक्षबाईंची तपासणीही.

"कुठं बांधलीय?" अध्यक्षबाईंनी अंगणात नजर फिरवली.

मी उभीच. तेवढ्यात जाऊ मधे पडली. "ती न्हाई का, अक्काच्या माह्येरी घेतली. भावाकडं हाय. हितं उन्हाळ्यात चारा कुठंय? पाऊस पडल्यावर आनू म्हनले."

"रंग कोनता?"

"काळी," जाऊ म्हणाली. "कपाळावर पांढरा ठिपका. कान लांब. लय गरीब हाय, हाक मारली की येती."

"दूध?"

"गाभण हाय की. दुसरा महिना."

मी जावेकडे नुसती बघत राहिले. तिला थांबवायला हवं होतं, पण खरं सांगते, ती शेळी मलाही डोळ्यांपुढे दिसायला लागली होती. अध्यक्षबाईंनी बोटांवर हिशोब केला आणि म्हणाल्या, "म्हंजी पोळ्याच्या आत वितेय. दोन पिल्लं दिली तर तुझं कर्ज एका दमात फिटलं, वहिनी." ताट रिकामं परत न्यायचं नाही म्हणून त्यांनी हळदकुंकू मलाच लावलं. कोठीला टेकून मी ते लावून घेतलं. माझ्या पाठीमागे, ज्वारीत, तिन्ही ड्रेस होते.

दुसऱ्या दिवशी हे पाणी सोडून आले ते तणतणत. "आपन शेळी घेतली आन मला म्हाईत न्हाई? पंचायतीपुढं धा मानसं इचारून राह्यले, कधी वितेय म्हनून!" मग सगळं सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. खुंटीकडे बघून म्हणाले, "मंग ह्यो शर्टबी शेळीचाच?" मी मान हलवली. त्यांनी तो खुंटीवरून काढून नीट घडी करून ठेवला. वाया जायला नको, म्हणाले.

व्हॉल्व्ह चार दिवस दिराकडे सोपवून आम्ही पुण्यात लेकीच्या घरी पोचलो आणि तिनं म्हटलं, दाखव बरं घालून. मी न्हाणीघरात गेले, साडी सोडली, पिवळा ड्रेस घातला. तो घातला की तो माझ्यावर पडला, हे सांगणं कठीण आहे. गळा एका खांद्यावरून खाली आला. बाह्या कोपराखाली. पायजमा वर ओढला तर छातीपर्यंत येत होता, सोडला तर सरळ फरशीवर. तो एका मुठीत धरून मी बाहेर आले.

लेक बघतच राहिली. "आई, हा कुणाच्या मापाचा आहे?"

"माझ्याच. घालून बघितलाय."

"कशावर?"

"साडीवर."

ती खाली फरशीवर बसली आणि हसली. हसता हसता रडायला लागली, मग परत हसली. जावई आतल्या खोलीतून विचारत होते काय झालं. तिनं नाही सांगितलं, एवढं तिचं चांगलं. "चल, आत्ता जाऊन बदलू. मी घेते," ती म्हणाली.

"न्हाई," मी म्हटलं. "हेच घालीन. नाडी दे."

मग पायजम्यांत नाड्या ओवल्या, गळ्यांना पिना लावल्या. तिन्ही ड्रेस पिशवीत भरले. गाडीत बसलो.

समुद्राबद्दल मी काय लिहिणार? मोठा आहे. आमच्या ह्यांनी किनाऱ्यावर उभं राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एवढं पानी, आन एक तोटी न्हाई." दुपारी पाणी मागे गेलं, संध्याकाळी पुढे आलं, तेव्हा त्यांना फार विचार पडला. "याचा व्हॉल्व्ह कुनाकडं असंल गं? टाइम बराबर पाळतो गडी." अंगात तो हिरव्या पानांचा शर्ट होता. चारही दिवस तोच घातला. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. दुसरा घाला म्हटलं तर म्हणायचे, हवा चांगली लागतीय ह्यात.

खरी अडचण जावयांची झाली. ते अर्ध्या चड्डीत आले. मी जावयाचे गुडघे कधी पाहिले नव्हते. पाहायचेही नव्हते. ते बिचारे माझ्यापेक्षा जास्त अवघडलेले. मी डावीकडे बघितलं की ते उजवीकडे बघायचे. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी तासभर नुसता समुद्र बघितला, एकमेकांशी एक शब्द न बोलता, त्यामुळे समुद्र मला नीट बघायला मिळाला.

आणि वारा! पाण्यात पाय ठेवला न ठेवला, मागून वारा आला आणि ड्रेसच्या आत शिरला. तीन एक्सचा ड्रेस, आत मी एवढीशी. तो फुगला. चहूबाजूंनी असा फुगला की माझे पाय मला दिसेनात. मी पुढून दाबला तर मागून वर, मागून दाबला तर बाजूनं. नातीनं धावत येऊन खालची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओरडली, "आई, आजी उडतीय! आजोबा, धरा!" हे आले आणि त्यांनी दुसरी बाजू धरली. मंडपाचे खांब धरतात तसे दोघं मला धरून उभे. आणि काय झालं कोण जाणे, मला हसू आलं. आत कुठून तरी आलं आणि थांबेचना. इतक्या मोठ्यानं हसले की जावईसुद्धा वळून बघायला लागले, आणि त्यांनाही हसू आलं, आणि मग गुडघ्यांचं काही वाटेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी मला खिसे सापडले. आभाळी ड्रेसला दोन्ही बाजूंना शिवणीत होते. तोवर लक्षातच आलं नव्हतं. मला आजवर खिसा नव्हता. पैसे पदराच्या गाठीत, किल्ली कमरेला, बडीशेप रुमालात. खिशात हात घातला तर पंजा पूर्ण आत गेला, मनगटापर्यंत. एका खिशात शिंपले ठेवले, दुसऱ्यात नातीचं बिस्किट. आणि मग नुसतेच हात घालून उभी राहिले, पुरुष उभे राहतात पारावर तशी, काही काम नसल्यासारखी. लाटा येत होत्या, जात होत्या. मला कुठंही जायचं नव्हतं.

लेकीनं तेव्हाच माझा फोटो काढला. चांगला आलाय म्हणाली. मला वाटलं, घरी ठेवेल.

तिनं तो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला.

परत आलो तेव्हा जीपमधून उतरतानाच कळलं. दोन बायका हसल्या. एकीनं विचारलं, "काकू, समुद्र बरा होता का?" आणि दुसरी म्हणाली, "शेळीला दाखवला न्हाई का?" जावेला घरी गाठलं तर ती म्हणाली, "अक्का, मी फक्त दोघींना दाखवला फोटो." मग थोड्या वेळानं, "त्यातली एक अध्यक्षबाईंची सून होती."

त्या पंधरवड्याच्या बैठकीला जाऊ नये असं फार वाटलं. पण हप्ता द्यायचा होता. शेवटच्या ओळीत, खांबाआड बसले.

हप्ते झाले. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला, सुनेच्या हातातून मोबाइल घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. "वहिनी," त्या म्हणाल्या, "ही तुझी शेळी का?"

ओसरीत एकच हशा. "कान लांब न्हाईत हिचे." "खिसे हाईत की शेळीला!" "काळी म्हनले होते, ही तर आभाळी निघाली." माझ्यासोबत आलेल्या जावेलाही हसू आवरेना, आणि मी खांबाला धरून उठले.

काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मान खाली घालून बोलत होते आणि कुणी मधे बोललं नाही. मी म्हटलं, शेळी नव्हती. कपडे घ्यायचे होते. लेकीनं घेते म्हटलं होतं, पण जावयाच्या पैशाचं अंगावर घालायची लाज वाटली. नवऱ्याकडे नव्हते. आणि कपड्यांसाठी मागते म्हणायची तुमच्यापुढे लाज वाटली. दोन्हीकडून लाज होती, म्हणून खोटं बोलले. पैसे मी फेडीन, कुणाच्या हातून नाही, माझ्या हातानं.

बसले. आठ वर्षांत मिळून मी तेवढं बोलले नव्हते.

एकीनं विचारलं, "अध्यक्षबाई, खरं कारण सांगितलं असतं तर दिले असते का?"

अध्यक्षबाईंनी विचार केला. त्या खोटं बोलत नाहीत. "न्हाई," म्हणाल्या. "समुद्रावर हवा खायला कपडे? बिलकुल न्हाई." मग चष्मा काढला. "पन आता हिनं कारण खोटं दिलं. अशा वेळी फेडायला बाकीच्यांसारखे दहा म्हैने न्हाई भेटत. पोळ्याच्या आत सगळी रक्कम परत. माझ्या बहिणीलाबी हाच नियम लावल्ता."

मी मान हलवली. ते रास्तच होतं.

उठून जाताना मी चपला घालत होते, तेव्हा अध्यक्षबाई जवळ आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "खिसा किती खोल हाय गं?"

"मनगटापत्तोर," मी म्हटलं.

"हं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

जावेनं लेकीला फोन करून सगळं सांगितलं, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. लगेच लेकीचा फोन. "आई, वेडी आहेस का तू? उन्हात कामाला जाणार? मी आत्ता पाठवते, दोन मिनिटांत येतील."

"पाठवू नको."

"अगं, पण मी तुझी लेक आहे ना?"

"हाईस. म्हनूनच. तुम्ही समुद्र दाखवला, तो मी पोटभर बघितला. अंगावरचं तेवढं माझं असू दे."

मग म्हणाली, "बरं. पण उन्हात डोक्याला बांधून जा."

सरकी उगवून आली आणि खुरपणी सुरू झाली. मी शेजारच्या शिवारात रोजानं जायला लागले. पाऊस ऐन वेळी दांडी मारायचा, मग दोन दोन दिवस काम नसायचं, तेव्हा मी घरात बसून शेवया-पापडांची उरलेली कामं घ्यायचे. गुडघे दुखले. हे संध्याकाळी तेल लावून द्यायचे आणि म्हणायचे, "माझ्या शर्टाचे वेगळे काढ, ते मी देतो." पंचायतीनं आषाढात एक पगार केला, त्यातून शर्टाचे पैसे त्यांनी खरंच माझ्या हातावर ठेवले. बाकीचे माझे. दर शनिवारी मजुरी मिळाली की मी घरी न येता आधी ओसरीवर जायचे. सूनबाई वहीत मांडायची, मी सही करायचे. सही आता सरळ ओळीत येते.

पोळ्याच्या चार दिवस आधी शेवटचे पाचशे नेले. अध्यक्षबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. हात झटकून त्यांनी नोटा घेतल्या, एकदा मोजल्या, उलट्या करून पुन्हा मोजल्या आणि सुनेकडे दिल्या. तिनं वहीतली बेरीज मोठ्यानं वाचली, चार हजार, वर व्याज, आणि खाली आडवी रेघ मारली.

"बाकी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"काही न्हाई," सूनबाई म्हणाली. "पूर्ण फिटले."